रायपूरचे दव आणि भारतीय गोलंदाजीची फळी

रायपूर - तीनशे अठ्ठावन्न धावा फलकावर लागल्यावर सामना हरणे ही एकदिवसीय क्रिकेटमधील दुर्मीळ घटना मानली जाते. ३ डिसेंबर २०२५ रोजी नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानावर भारतीय संघावर ती वेळ आली. विराट कोहली आणि पुण्याचा ऋतुराज गायकवाड या दोघांची शतके, कर्णधार के. एल. राहुलची वेगवान नाबाद खेळी आणि ५ बाद ३५८ अशी भक्कम धावसंख्या असतानाही दक्षिण आफ्रिकेने चार गडी आणि चार चेंडू राखून विजय मिळवला.

या पराभवानंतर सुरू झालेली चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली. पहिला प्रश्न संघरचनेचा. अकरा खेळाडूंत फलंदाजीची खोली वाढवण्यासाठी अष्टपैलू खेळाडूंना किती जागा द्यायच्या आणि केवळ बळी मिळवण्यासाठी निवडलेल्या गोलंदाजांना किती? दुसरा प्रश्न बचावाचा. फलंदाजांनी उभारलेल्या धावसंख्येचे रक्षण करण्याची क्षमता भारताच्या गोलंदाजीच्या फळीत होती काय, की रात्रीच्या दवाने ती हिरावून घेतली?

त्यानंतरच्या दोन महिन्यांत झालेल्या सामन्यांनी या प्रश्नांची काही उत्तरे दिली आहेत. ती सरळ नाहीत आणि कोणा एका पक्षाच्या बाजूचीही नाहीत.

अपयशाची पार्श्वभूमी

रायपूरचा पराभव एकाकी नव्हता, म्हणूनच तो अधिक बोचला. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात दक्षिण आफ्रिकेने भारताला मायदेशात कसोटी मालिकेत २-० असे हरवले होते. कोलकात्यात विजयासाठी केवळ १२४ धावांची गरज असताना भारताचा डाव ९३ धावांत आटोपला. गुवाहाटी येथे तर ४०८ धावांनी हार पत्करावी लागली. धावांच्या फरकाने पाहता भारताचा कसोटीतील हा सर्वांत मोठा पराभव ठरला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, न्यूझीलंडने भारतात येऊन तिन्ही कसोटी जिंकल्या होत्या.

कसोटीतील या पडझडीच्या वेळीही टीकेचा रोख संघरचनेकडेच होता. कोलकात्यात भारताने चार फिरकी गोलंदाज खेळवले. त्यांपैकी रवींद्र जडेजा, अक्षर पटेल आणि वॉशिंग्टन सुंदर हे तिघे फलंदाजीही करणारे होते. वॉशिंग्टनला तर तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्यात आले आणि पुढच्याच कसोटीत त्या जागी साई सुदर्शन आला. तज्ज्ञ फलंदाज व तज्ज्ञ गोलंदाज यांच्यापेक्षा दोन्ही कामे करणारा खेळाडू पसंत करण्याचे हे धोरण मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर यांच्या कारकिर्दीची ओळख बनले. एकदिवसीय सामन्यांत ते कितपत लागू पडते, याची परीक्षा रायपूरमध्ये झाली.

सामना कुठे निसटला?

नाणेफेक दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार टेंबा बावुमाने जिंकली आणि क्षेत्ररक्षण घेतले. रोहित शर्मा १४ आणि यशस्वी जैस्वाल २२ धावांवर परतल्यानंतर कोहली आणि गायकवाड यांनी तिसऱ्या गड्यासाठी १९५ धावांची भागीदारी केली. कोहलीने ९३ चेंडूंत १०२ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्याचे हे ५३वे शतक होते. गायकवाडने ८३ चेंडूंत १०५ धावा फटकावून आपले पहिले एकदिवसीय शतक साजरे केले. राहुलने ४३ चेंडूंत नाबाद ६६ धावा केल्या.

मात्र हे दोघे बाद झाल्यानंतर डावाची गती अपेक्षेइतकी राहिली नाही. सहाव्या क्रमांकावर आलेला वॉशिंग्टन एका धावेवर धावबाद झाला, तर जडेजाला नाबाद २४ धावांसाठी २७ चेंडू लागले. धावसंख्या मोठी दिसत असली तरी आणखी वीस-पंचवीस धावा हव्या होत्या, अशी भावना कर्णधार राहुलने सामन्यानंतर व्यक्त केली. अखेरीस चार चेंडू शिल्लक राहिले होते हे लक्षात घेता ही भावना निराधार म्हणता येणार नाही.

उत्तरादाखल दक्षिण आफ्रिकेने क्विंटन डी कॉकला लवकर गमावले. परंतु त्यानंतर एडन मार्करम आणि बावुमा यांनी १०१ धावांची भागी रचली. मार्करमने ९८ चेंडूंत ११० धावा केल्या. मॅथ्यू ब्रीट्झकेने ६८ धावा केल्या आणि डेवाल्ड ब्रेविसने केवळ ३४ चेंडूंत ५४ धावा झोडपल्या. टोनी डी झॉर्झी स्नायूच्या दुखापतीमुळे मैदान सोडून गेला, तरीही कॉर्बिन बॉश आणि केशव महाराज यांनी ४९.२ षटकांत विजय पूर्ण केला. भारताविरुद्ध एकदिवसीय सामन्यांत यशस्वीपणे पार केलेले हे संयुक्तरीत्या सर्वांत मोठे लक्ष्य ठरले. यापूर्वी मार्च २०१९ मध्ये मोहाली येथे ऑस्ट्रेलियाने ३५९ धावांचेच लक्ष्य गाठले होते.

क्षेत्ररक्षणातील एक चूकही महागात पडली. मार्करम ५३ धावांवर असताना कुलदीप यादवच्या गोलंदाजीवर सीमारेषेजवळ जैस्वालकडून त्याचा झेल सुटला. त्यानंतर त्याने आणखी ५७ धावा जोडल्या.

दव नेमके काय करते?

पराभवाचे सर्वाधिक सांगितले गेलेले कारण म्हणजे दव. छत्तीसगडच्या मैदानी प्रदेशात डिसेंबरच्या सुरुवातीस संध्याकाळी साडेपाचच्या आधीच सूर्यास्त होतो. आकाश निरभ्र असल्यास जमीन आणि गवत झपाट्याने थंड होतात आणि हवेतील बाष्प गवताच्या पात्यांवर पाण्याच्या थेंबांच्या रूपाने जमू लागते. दुपारी दीडला सुरू होणाऱ्या सामन्यात पहिला डाव सूर्यप्रकाशात आणि दुसरा जवळपास संपूर्ण प्रकाशझोतात खेळला जातो. साहजिकच दोन्ही संघांना मिळणारी परिस्थिती सारखी राहत नाही.

ओल्या गवतावरून घरंगळणारा चेंडू प्रत्येक फटक्यागणिक अधिक ओला होतो. फिरकी गोलंदाजाची बोटे शिवणीवरून घसरतात, त्यामुळे चेंडूला पुरेशी फिरकी मिळत नाही. खेळपट्टीवर पडल्यावर चेंडू अडखळण्याऐवजी घसरत बॅटवर येतो आणि फलंदाजाचे काम सोपे होते. वेगवान गोलंदाजाने यॉर्कर टाकायचा ठरवला तरी पकड सुटल्यास तो फुलटॉस होतो.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२५च्या मध्यापासून लागू केलेल्या नियमाचाही येथे विचार करावा लागतो. पूर्वी दोन्ही टोकांकडून स्वतंत्र नवा चेंडू संपूर्ण डावभर वापरला जाई. नव्या नियमानुसार ३४ षटकांनंतर क्षेत्ररक्षण करणारा संघ दोनपैकी एक चेंडू निवडतो आणि उरलेली १६ षटके त्याच चेंडूने टाकली जातात. म्हणजे डाव संपताना चेंडू ३३ षटके जुना असतो. चेंडू जुना व्हावा, त्याची एक बाजू खरखरीत व्हावी आणि गोलंदाजाला रिव्हर्स स्विंगची संधी मिळावी, हा यामागील हेतू होता. परंतु रिव्हर्स स्विंगसाठी चेंडू कोरडा लागतो. दव पडलेल्या मैदानावर गोलंदाजाला जुन्या चेंडूचे तोटे तेवढे सोसावे लागतात आणि फायदा हाती लागत नाही. रायपूरमध्ये पंचांनी भारताच्या विनंतीवरून चेंडू बदलून दिला, तरीही परिस्थितीत मोठा फरक पडला नाही.

या सर्वांत नाणेफेकीचे महत्त्व वाढते आणि तेथे भारताचे नशीब विलक्षण वाईट होते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून भारताने एकदिवसीय सामन्यांत एकही नाणेफेक जिंकली नव्हती. रायपूरची ही सलग विसावी हार. सलग वीस वेळा नाणे विरुद्ध पडण्याची शक्यता सुमारे साडेदहा लाखांत एक एवढी असते.

आकडे वेगळेच सांगतात

दवाचा प्रभाव मान्य केला तरी सर्व दोष त्याच्यावर टाकता येईल काय? गोलंदाजांचे आकडे पाहिल्यास चित्र थोडे वेगळे दिसते.

अर्शदीप सिंगने दहा षटकांत ५४ धावा देऊन दोन बळी घेतले. हर्षित राणाने दहा षटकांत ७० धावा दिल्या व एक बळी घेतला. प्रसिद्ध कृष्णाच्या ८.२ षटकांत ८५ धावा निघाल्या, मात्र त्यालाही दोन बळी मिळाले. कुलदीप यादवने दहा षटकांत ७८ धावांच्या मोबदल्यात एक गडी टिपला. जडेजाने सात षटकांत ४१ आणि वॉशिंग्टनने चार षटकांत २८ धावा दिल्या. दोघांनाही बळी मिळाला नाही.

यातून तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, जडेजा आणि वॉशिंग्टन या दोन अष्टपैलूंनी मिळून अकरा षटकांत ६९ धावा दिल्या. षटकामागे सव्वासहाच्या आसपासचा हा दर दक्षिण आफ्रिकेला आवश्यक असलेल्या ७.१८ या दरापेक्षा कमीच होता. म्हणजे या दोघांनी धावा उधळल्या, ही टीका आकड्यांच्या कसोटीवर टिकत नाही.

दुसरी गोष्ट मात्र धोरणाच्या विरोधात जाते. तीन फिरकी गोलंदाजांच्या एकूण २१ षटकांत केवळ एक बळी मिळाला. मधल्या षटकांत धावा रोखल्या तरी गडी बाद होत नसतील, तर हातात गडी राखून असलेला संघ शेवटच्या दहा-बारा षटकांत कोणताही हिशेब उलटवू शकतो. ब्रेविसने तेच केले.

तिसरी गोष्ट फलंदाजीच्या खोलीची. भारताचे फक्त पाच गडी बाद झाले. आठव्या क्रमांकापासून पुढे कोणालाही बॅट हातात घ्यावी लागली नाही. खोल फलंदाजी हा एक प्रकारचा विमा आहे. वरची फळी कोसळली तर तो उपयोगी पडतो. रायपूरमध्ये वरच्या फळीने आपले काम चोख केले, त्यामुळे विम्याची गरज भासली नाही. परंतु त्याचा हप्ता मात्र गोलंदाजीच्या धारेतून भरावा लागला. जसप्रीत बुमराह आणि मोहम्मद सिराज या मालिकेत नव्हते आणि २०२३च्या विश्वचषकात २४ बळी घेणारा मोहम्मद शमीही संघाबाहेर होता, हे लक्षात घेता हा हप्ता अधिकच जड ठरला.

रांची आणि विशाखापट्टणमचा दाखला

याच मालिकेतील इतर दोन सामने तुलनेसाठी उपयोगी आहेत. ३० नोव्हेंबर रोजी रांची येथे भारताने ८ बाद ३४९ धावा केल्या होत्या. तेथेही दव होते आणि तेथेही भारताला दुसऱ्या डावात गोलंदाजी करावी लागली. तरीही भारत १७ धावांनी जिंकला. फरक होता तो पहिल्या काही षटकांत. दक्षिण आफ्रिकेचे पहिले तीन गडी अवघ्या ११ धावांत तंबूत परतले होते. त्यानंतर मार्को यान्सन आणि बॉश यांनी जोरदार प्रतिकार करून सामना शेवटच्या षटकापर्यंत नेला, परंतु सुरुवातीची खोट भरून निघाली नाही.

विशेष म्हणजे रांची आणि रायपूर येथे भारताचे अकरा खेळाडू तेच होते. एकच फळी एका सामन्यात जिंकली आणि तीन दिवसांनी दुसऱ्यात हरली. यावरून असे अनुमान निघते की, दवाच्या रात्री धावसंख्येचा खरा बचाव चेंडू ओला होण्यापूर्वीच्या दहा षटकांत होतो. त्या अवधीत दोन-तीन बळी मिळाले तर पुढचे नुकसान सोसता येते. एकच मिळाला तर साडेतीनशेही कमी पडू शकतात.

६ डिसेंबर रोजी विशाखापट्टणम येथे अखेर नाणे भारताच्या बाजूने पडले. राहुलने क्षेत्ररक्षण निवडले. वॉशिंग्टनच्या जागी तिलक वर्मा आला, गोलंदाजांची उर्वरित फळी तीच राहिली. त्याच प्रसिद्ध कृष्णाने आणि त्याच कुलदीपने या वेळी प्रत्येकी चार बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेचा डाव २७० धावांत संपला आणि जैस्वालच्या नाबाद ११६ धावांच्या जोरावर भारताने नऊ गडी राखून सामना व मालिका जिंकली.

चेंडू कोरडा असताना जे गोलंदाज सामना जिंकून देतात, तेच ओला चेंडू हाती आल्यावर हतबल दिसतात. विशाखापट्टणमच्या विजयानंतर दवाला दोष देणाऱ्यांची बाजू बळकट झाली, हे खरे. संघ व्यवस्थापनालाही रचना बदलण्याची तातडी राहिली नाही.

इंदूरने केलेला खुलासा

परंतु जानेवारी २०२६ मध्ये न्यूझीलंडचा संघ आला आणि ही बाजू पुन्हा तपासावी लागली. वडोदऱ्यातील पहिला सामना भारताने जिंकला. राजकोटमध्ये डॅरिल मिचेलच्या नाबाद शतकामुळे भारताच्या २८४ धावा अपुऱ्या ठरल्या. १८ जानेवारी रोजी इंदूर येथे निर्णायक सामना झाला.

इंदूरमध्ये नाणेफेक भारताने जिंकली होती. गोलंदाजी प्रथम, कोऱ्या व कोरड्या चेंडूने करायची होती. न्यूझीलंडचे पहिले दोन गडी पाच धावांत बाद झाले. म्हणजे रायपूरमध्ये ज्या दोन गोष्टींची उणीव भासली, त्या दोन्ही येथे हाती होत्या. तरीही मिचेल (१३७) आणि ग्लेन फिलिप्स (१०६) यांनी चौथ्या गड्यासाठी २१९ धावांची भागीदारी केली आणि न्यूझीलंडने ३३७ धावा उभारल्या. कोहलीचे १२४ धावांचे शतक एकाकी ठरले. भारताचा ४१ धावांनी पराभव झाला आणि न्यूझीलंडने भारतात प्रथमच एकदिवसीय मालिका जिंकली.

या सामन्यात दवाचे कारण पुढे करता येण्यासारखे नव्हते. मधल्या षटकांत भागीदारी फोडणारा गोलंदाज नसणे, हा दोष रायपूरमध्ये दवाच्या पडद्याआड राहिला होता. इंदूरमध्ये तो उघड्यावर आला.

महिला संघाने अवघ्या महिनाभर आधी घालून दिलेले उदाहरणही येथे आठवते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीत कौरच्या संघाने प्रथम फलंदाजी करून २९८ धावा केल्या आणि प्रकाशझोतात त्यांचा बचाव करून दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. त्यात फिरकी गोलंदाज दीप्ती शर्माने पाच बळी घेतले, तर एरवी सलामीची फलंदाज असलेल्या शफाली वर्मानेही दोन महत्त्वाचे गडी टिपले. दोन्ही सामन्यांची परिस्थिती वेगळी होती, हे मान्य करूनही बचाव करताना धावा रोखण्यापेक्षा बळी मिळवणे अधिक मोलाचे असते, हा धडा त्यातून मिळतो.

रायपूरच्या मैदानाचा स्वभाव

रायपूरचे मैदान आंतरराष्ट्रीय नकाशावर तुलनेने नवे आहे. छत्तीसगड राज्याची निर्मिती २००० मध्ये झाली आणि राज्याच्या संघाने रणजी करंडकात २०१६-१७च्या हंगामात पदार्पण केले. सोनाखानचे जमीनदार आणि १८५७च्या उठावातील हुतात्मा वीर नारायण सिंह यांचे नाव असलेल्या या मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना २१ जानेवारी २०२३ रोजी झाला. त्या दिवशी भारताने न्यूझीलंडला १०८ धावांत गुंडाळून आठ गडी राखून विजय मिळवला. मोहम्मद शमीने १८ धावांत तीन बळी घेतले होते.

त्याच वर्षी १ डिसेंबरला येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेंटी सामना झाला. भारताने प्रथम फलंदाजी करून १७४ धावा केल्या. अमरावतीच्या जितेश शर्माने त्यात ३५ धावांचा वाटा उचलला. अक्षर पटेलने चार षटकांत केवळ १६ धावा देऊन तीन बळी घेतले आणि भारताने २० धावांनी विजय मिळवला. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, याच मैदानावर, रात्रीच्या वेळी फिरकीच्या बळावर धावसंख्येचा बचाव झालेला आहे. सामना वीस षटकांचा असल्याने तुलना काटेकोर नाही, तरीही रायपूरमध्ये दुसऱ्या डावात गोलंदाजी करणे म्हणजे हार निश्चित, असा निष्कर्ष काढता येत नाही.

यानंतर २३ जानेवारी २०२६ रोजी भारत पुन्हा येथे न्यूझीलंडविरुद्ध टी-ट्वेंटी सामना खेळला. या वेळी नाणेफेक जिंकून सूर्यकुमार यादवने क्षेत्ररक्षण घेतले आणि २०९ धावांचे लक्ष्य भारताने सात गडी राखून १५.२ षटकांतच पार केले. डिसेंबरमध्ये ज्या परिस्थितीने घात केला, तीच सात आठवड्यांनी मदतीला आली.

गायकवाडचा प्रश्न

संघरचनेच्या या चर्चेत महाराष्ट्रातील क्रीडारसिकांना जिव्हाळ्याचा असलेला मुद्दा ऋतुराज गायकवाडचा आहे. गायकवाड मूळचा सलामीचा फलंदाज. नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एकाच षटकात सात षटकार ठोकून नाबाद २२० धावा केल्या, त्याही सलामीला येऊनच. शुभमन गिल आणि श्रेयस अय्यर दुखापतीमुळे बाहेर असल्याने त्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चौथ्या क्रमांकावर संधी मिळाली. २०१९च्या विश्वचषकापूर्वी याच जागेसाठी भारताने अनेक प्रयोग केले होते. नव्या जागी दुसऱ्याच सामन्यात त्याने शतक केले.

विशाखापट्टणममध्ये त्याची फलंदाजी आली नाही. पुढच्या मालिकेसाठी श्रेयस परतला आणि गायकवाडला संघातून वगळण्यात आले. श्रेयसने ती जागा आपल्या कामगिरीने मिळवलेली होती, त्यामुळे त्याच्या पुनरागमनावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु मागील डावात शतक करणाऱ्या तज्ज्ञ फलंदाजाला राखीव म्हणूनही स्थान मिळू नये आणि त्याच संघात अष्टपैलूंना मात्र एकाहून अधिक जागा असाव्यात, ही निवडीतील विसंगती अनेकांना खटकली. गायकवाडपुरता हा प्रश्न एका मालिकेचा नाही. एकदिवसीय सामन्यांची संख्या घटत चालली आहे आणि सोडून गेलेली संधी पुन्हा कधी दार ठोठावेल, याची शाश्वती कोणत्याच खेळाडूला देता येत नाही.

उपाय कोणते?

दवावर मात करण्यासाठी काही उपाय पूर्वीपासून केले जातात. दोरखंड ओढून गवतावरील पाणी झाडणे, दव कमी धरावे यासाठी मैदानावर द्रव्य फवारणे आणि सरावात मुद्दाम पाण्यात भिजवलेल्या चेंडूने गोलंदाजी करणे हे त्यांपैकी काही. सामना लवकर सुरू करण्याची सूचनाही नवी नाही. फिरकी गोलंदाज रविचंद्रन अश्विनने २०२३च्या विश्वचषकापूर्वीच सामने सकाळी साडेअकराला सुरू करावेत, असे सुचवले होते. प्रेक्षक आणि प्रक्षेपणाची सोय संध्याकाळच्या खेळाकडे झुकत असल्याने ती मान्य झाली नाही. हिवाळ्यात मध्य व उत्तर भारतातील सामन्यांपुरता तरी या सूचनेचा विचार व्हायला हरकत नसावी. सामन्याचा निकाल नाण्याच्या एका बाजूवर जास्त अवलंबून राहिला तर खेळाचेच नुकसान होते.

मात्र सामन्याची वेळ ठरवणे संघाच्या हाती नसते; संघनिवड असते. एकदिवसीय क्रिकेटचा पुढील विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया येथे नियोजित आहे. तेथील खेळपट्ट्यांवर वेग आणि उसळी अधिक असते आणि बोटांनी चेंडू वळवणाऱ्या फिरकी गोलंदाजांना भारतातल्याइतकी मदत मिळत नाही. तेथे धावा रोखणाऱ्या अष्टपैलूंपेक्षा मधल्या षटकांत गडी बाद करू शकणारा तिसरा वेगवान गोलंदाज आणि मनगटाचा फिरकी गोलंदाज अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे.

त्या दृष्टीने एक वेगवान गोलंदाजी करणारा अष्टपैलू, दोन नव्हे तर एकच डावखुरा अथवा उजवा फिरकी अष्टपैलू, आणि उरलेल्या जागांवर केवळ बळींसाठी निवडलेले चार गोलंदाज, अशी मांडणी तपासून पाहता येईल. तिच्यात धोका आहे. शेवटचे चार फलंदाज लवकर बाद होऊ शकतात आणि तीस-चाळीस धावा कमी होऊ शकतात. रायपूरमध्ये तर वीस-पंचवीस धावांचीच कमतरता सांगितली गेली होती. तेव्हा प्रश्न धोका टाळण्याचा नाही, तो फलंदाजीच्या टोकाला पत्करायचा की गोलंदाजीच्या, हे ठरवण्याचा आहे.

आतापर्यंत भारतीय संघाने तो गोलंदाजीच्या टोकाला पत्करला. रायपूरमध्ये त्याचा दोष दवाला देता आला, इंदूरमध्ये तो देता आला नाही. विश्वचषकापूर्वी फळीची फेरमांडणी करायची झाल्यास त्यासाठी उरलेले एकदिवसीय सामने मोजकेच आहेत आणि प्रयोगाला लागणारा वेळ दर मालिकेगणिक कमी होत जाणार आहे.